दुकान दूर, रस्ता दारात : पहिली रोड सायकल घेताना

पहिली चांगली रोड सायकल घ्यायची ठरली की बहुतेकांचा शोध फ्रेमपासून सुरू होतो. ॲल्युमिनियम की कार्बन, वजन साडेदहा किलो की आठ, गिअर कोणत्या श्रेणीचे, पुण्या-मुंबईची मंडळी सध्या काय चालवतात. प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते अशा माणसांचे आहेत ज्यांच्या घरापासून पाच-सात किलोमीटरवर सायकलचं सुसज्ज दुकान असतं. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावी राहणाऱ्याने शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला हवा. बीबी हे मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरचं गाव. एका अंगाला सुलतानपूर आणि तिथून फुटणारा लोणारचा रस्ता, दुसऱ्या अंगाला दुसरबीड, सिंदखेडराजा आणि पुढे जालना. समृद्धी महामार्ग याच पट्ट्यातून गेला असला तरी त्यावर दुचाकीलाच बंदी आहे, तिथे सायकलचं काय घेऊन बसता. पण जुना रस्ता दारातून जातो आणि लांब फेरीला तो पुरेसा आहे. उणीव आहे ती रस्ता संपल्यानंतरची. गावातला मिस्त्री पंक्चर काढील, वाकडं झालेलं चाक बऱ्यापैकी सरळ करील. नऊ किंवा दहा चकत्यांच्या कॅसेटची चेन मात्र त्याच्याकडे नसणार, आणि ती नसण्यात त्याचा काही दोषही नाही. ती छत्रपती संभाजीनगरहून किंवा नागपूरहून आणावी लागते, नाहीतर कुरिअरची वाट बघावी लागते. म्हणून अशा ठिकाणी पहिली रोड सायकल निवडताना वेगाच्या आणि वजनाच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात : ती आपल्या अंगाला बसते का, आणि रस्त्यात बिघडली तर आपण ती आपल्या हाताने घरापर्यंत आणू शकतो का. बाकी सगळं या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून आपोआप ठरत जातं. हेल्मेटपासून पंपापर्यंतचं सामानही त्यातच येतं, कारण ते सामान म्हणजे सायकलला हौसेने जोडायची पुरवणी नव्हे.

हे म्हणणं लांब अंतराच्या सायकलिंगच्या एका जुन्या परंपरेवर तपासून बघता येतं. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची फेरी १८९१ मध्ये सुरू झाली. तिचं आजचं रूप सांभाळणारा ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ १९०४ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्याच नियमांनी जगभर ‘बीआरएम’ नावाच्या फेऱ्या होतात. भारतात ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स ही संस्था त्या घेते. नागपूर, पुणे, नाशिक, मुंबई इथले शेकडो सायकलस्वार त्यांत उतरतात. ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. दिलेल्या मुदतीत पोहोचायचं एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. भागाकार केला तर सरासरी ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास पडते आणि त्यात जेवण, पंक्चर, डुलकी, टपरीवरचा चहा सगळं धरलेलं आहे. हा वेग चांगल्या रोड सायकलवर धडधाकट माणसाला अवघड नाही. तरीही लोक मुदतीबाहेर जातात किंवा अर्ध्यातून परततात, ते प्रामुख्याने दोन कारणांनी : शरीर बोलायला लागतं, म्हणजे मान, मनगट, गुडघा, बैठक, नाहीतर सायकलच बिघडते. या फेऱ्यांमध्ये ठरलेल्या नियंत्रण केंद्रांखेरीज वाटेत मदतीची गाडी चालत नाही. स्वार एकटा, त्याचं सामान त्याच्याजवळ. बीबीहून पहाटे निघून लोणार, मेहकर करून दुपारच्या आत परतणाऱ्याची स्थिती याहून वेगळी काय असते? त्याला कोणी बिल्ला देणार नाही, पण नियम त्याला तेच लागू आहेत.

इथे आपल्याकडच्या मोठ्या नावांचा विषय निघतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच जवळपास ४,९०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत, पहिल्याच प्रयत्नात पुरी केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही एकल गटात ती पूर्ण केली. विदर्भातल्या तरुणाने समर्थांचं छायाचित्र खोलीत लावावं, जरूर लावावं. त्यातली सायकल बघून आपली सायकल निवडू नये. त्या स्पर्धेत स्वाराच्या मागे दिवसरात्र गाडी असते, गाडीत सुटी चाकं, सुटी सायकल, यांत्रिक, जेवण बघणारा, नकाशा बघणारा अशी माणसं असतात. तिथे नाजूक पण हलका भाग परवडतो, कारण तो मोडला तर बदलायला दोन मिनिटं लागतात. आपल्या मागे कोण आहे, एवढं बघून सामान निवडावं.

आता वजनाकडे येऊ, कारण दुकानात सर्वांत जास्त पैसे त्यावरच उकळले जातात. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास जाताना ताकदीचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो आणि हवेला मुख्य अडथळा सायकलचा नसून वर बसलेल्या माणसाचा असतो. हवेच्या विरोधाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वीसवरून तीसवर गेलात तर वेग दीडपट होतो, पण हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ साडेतीनपट. या हिशेबात सायकलचं वजन कुठेच येत नाही. ते येतं चढावर. समजा स्वार सत्तर किलोचा, सायकल साडेदहाची, पाणी आणि अवजारं अडीच किलो, एकूण त्र्याऐंशी. आता चाळीस-पन्नास हजार रुपये जादा मोजून दोन किलोंनी हलकी कार्बनची सायकल घेतली तर एकूण वजन अडीच टक्क्यांहून थोडं कमीच उतरतं. पाच किलोमीटरचा चढ ताशी दहाच्या वेगाने चढायला अर्धा तास लागतो. त्यातून वाचेल पाऊण मिनिट. शर्यतीत पाऊण मिनिट ही फार मोठी गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं आहे, यावरूनच त्या जगात वजनासाठी किती ओढाताण चालते हे कळतं. ज्याला घरी येऊन आंघोळ करून शाळेवर किंवा दुकानावर जायचं आहे त्याला मात्र पाऊण मिनिटासाठी पन्नास हजार मोजायचं कारण नाही.

तेच पैसे, किंवा त्यांचा दहावा हिस्सा, टायरवर लावला तर फरक लगेच जाणवतो. रोड सायकल म्हटलं की बारीक, दगडासारखा टणक टायर ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. शर्यतींमध्ये अनेक वर्षं तेवीस मिलिमीटर रुंदीचे टायर वापरले जात, हे खरं. पण गेल्या काही वर्षांत ‘टूर दी फ्रान्स’चे स्वारसुद्धा अठ्ठावीस आणि त्याहून रुंद टायरांवर आले आहेत. कारण साधं आहे. गुळगुळीत लोखंडी रुळावर टणक टायर सरस ठरतो. खडबडीत डांबरावर तो प्रत्येक खड्याला उसळतो आणि ती उसळी स्वाराच्या हातापायांत मुरते. पुढे जायची ताकद अंग हलवण्यात वाया जाते. रुंद टायरात हवा कमी ठेवता येते, तो खडा गिळतो आणि पुढे सरकतो. साधारण सत्तर किलोच्या स्वाराला अठ्ठावीसच्या टायरात सुमारे ऐंशी पीएसआय पुरतात, बत्तीसच्या टायरात साठ-पासष्ट. बीबीच्या परिसरात तर याला दुसरं कारणही आहे. काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचा रस्ता कितीही नीट केला तरी खालची माती त्याला जागोजागी उचलते आणि खचवते. डांबराची कड तुटून शेजारी वीतभर खोल उतार झालेला असतो. ट्रक आला की सायकलवाल्याला त्याच कडेवर किंवा कडेखाली उतरावं लागतं. म्हणून फ्रेम बघताना आज तिच्यावर कोणता टायर आहे यापेक्षा तिच्यात जास्तीत जास्त किती रुंदीचा टायर मावतो, हा आकडा विचारावा. बत्तीस मावत असेल तर चांगलं, पस्तीसच्या पुढे मावत असेल तर फारच चांगलं. पंचवीसच्या वर काही मावत नसेल तर सायकल कितीही देखणी असो, ती इथल्यासाठी नाही. बाभळीचा काटा मात्र रुंद-अरुंद बघत नाही. त्यासाठी आतून संरक्षक पट्टी असलेला टायर घ्यावा, थोडा जड पडला तरी.

गिअरची गोष्टही अशीच, फक्त तिथे गणित जास्त उपयोगी पडतं. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. मलकापूरकडून राजूर घाट, खामगावकडून बोथा घाट चढल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. बीबीचा परिसर तितका उंचसखल नाही, पण रोड सायकल घेणारा कधीतरी या घाटांकडे सायकल वळवणारच. अशा चढावर पुढची छोटी चकती किती दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी किती, एवढंच महत्त्वाचं. पुढे ३९ आणि मागे २५ असा जुन्या शर्यतींचा मेळ असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर जाते. मिनिटाला सत्तर फेरे ठेवायचे तर ताशी पावणेचौदाचा वेग राखावा लागतो. नव्या स्वाराला घाटात ते जमत नाही. मग फेरे चाळीसवर येतात, सगळा भार गुडघ्यावर जातो आणि महिन्याभरात गुडघा दुखायला लागतो. पुढे ३४, मागे ३४ असेल तर तेच सत्तर फेरे ताशी नऊच्या खाली जमतात. श्वास राहतो, गुडघाही राहतो. सुदैवाने आजच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या बहुतेक सायकलींना पुढे ५०-३४ ची जोडी आणि मागे ३२ किंवा ३४ पर्यंतची कॅसेट मिळते. शिमानोची क्लॅरिस आठ गिअरांची, सोरा नऊची, टियाग्रा दहाची; मागच्या चकत्या जितक्या जास्त तितकी चेन अरुंद आणि महाग. आठ-नऊ गिअरांची चेन आणि कॅसेट स्वस्त पडते, जास्त ठिकाणी मिळते. माझ्या मते पहिल्या सायकलसाठी क्लॅरिस किंवा सोरा पुरे. त्यावरच्या श्रेणींत बदल मऊ होतात, वजन थोडं घटतं, पण चढावर पाय तेवढेच लागतात.

दुरुस्तीच्या दृष्टीने सायकलकडे बघायला लागलं की विक्रेत्याच्या तोंडी क्वचितच येणारे भाग पुढे येतात. मागचा गिअर ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो त्याला हँगर म्हणतात. सायकल उजव्या बाजूला पडली तर फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कमकुवत केलेला असतो. तो वाकतो किंवा तुटतो आणि तुटला की एकही गिअर चालत नाही. त्याची किंमत काहीशे रुपये, पण त्याचा आकार प्रत्येक फ्रेमला निराळा. मेहकर-जालन्याच्या बाजारात तो मिळेल याची आशा धरू नये. दुसरी गोष्ट हवेची. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा पद्धतीचा बारीक, लांब व्हॉल्व्ह असतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असतो, तो यावर बसत नाही. पितळेचा एक छोटा ॲडॅप्टर व्हॉल्व्हवर फिरवला की बसतो. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू, पण नसली की भर गावात हवेवाचून उभं राहायची पाळी येते. चाकाला स्पोक वीस-चोवीस असण्यापेक्षा अठ्ठावीस-बत्तीस असावेत. एक तुटला तरी बाकीचे चाक धरून ठेवतात आणि आपला मिस्त्री ते ओढून सरळ करू शकतो. क्रँकचा, म्हणजे पॅडलच्या दांड्यांचा, आस फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेला असावा, ठोकून दाबलेला नको. ब्रेकबद्दल मतभेद आहेत. तेलाचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक थांबवण्यात सर्वांत सरस, आणि त्यांना रोज हात लावावा लागत नाही. पण त्यांत हवा शिरली किंवा नळी गळली की खास अवजारं आणि ठरावीक तेल लागतं. तारेचा डिस्क ब्रेक थोडा कमी पकडतो, तरी एका पान्याने जागेवर जुळवता येतो. शहरात राहणाऱ्याने पहिला घ्यावा. बीबीत राहणाऱ्याने दुसरा.

आता अंगाला बसण्याचा मुद्दा. तो मुद्दामच इतका मागे ठेवला, कारण फ्रेमचं माप चुकलं तर आधीचं सगळं फुकट जातं आणि टायर-गिअरांसारखं ते नंतर बदलता येत नाही. दुसऱ्याच्या मापाच्या चपलेत माणूस चालू शकतो, दहा कोस जाऊ शकत नाही. घरीच एक माप घ्यावं : अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची साधारण उंची मिळते. हे सूत्र तीनदा टूर दी फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखलं जातं. अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचं माप असेल तर उत्तर एकोणसत्तरच्या आसपास येतं. पुढे सेंटिमीटरभर वरखाली करून गुडघ्याला काय मानवतं ते बघावं. फ्रेमसाठी मात्र उंचीपेक्षा हात आणि धड महत्त्वाचं. प्रत्येक कंपनी तिच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे देते. पहिला हँडलची बाजू किती उंच ते सांगतो, दुसरा ती किती लांब ते. नव्या स्वाराने स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली, ज्याला ‘एंड्युरन्स’ म्हणतात ती घडण घ्यावी. शर्यतीच्या घडणीत पाठ जवळजवळ आडवी होते. ती सवय वर्षांनी लागते, पहिल्याच दिवशी लादली तर मानेचा आणि मनगटाचा त्रास पदरी पडतो. स्त्रियांच्या बाबतीत दुकानदार हमखास चूक करतात : आहे त्यातलं लहान माप दाखवतात आणि सीट खाली करून देतात. सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही. कमी उंचीच्या स्वारासाठी लहान रीचची फ्रेम, छोटा स्टेम (हँडल धरणारा दांडा), अरुंद हँडल आणि बैठकीच्या हाडांच्या रुंदीला साजेशी सीट लागते. हे मागून घ्यायला संकोच करू नये. चाळीस-पन्नास हजार देणाऱ्या गिऱ्हाइकाला स्टेम बदलून देणं हे दुकानाचं काम आहे.

या सगळ्यावर गावातून येणारा पहिला आक्षेप ठरलेला असतो : एवढ्या खराब रस्त्याला रोड सायकल हवीच कशाला, जाड टायरची, पुढे स्प्रिंगवाली घ्या. आक्षेपात तथ्य आहे आणि ते अर्धं मान्य करावं. ज्याला मुख्यतः पांदण रस्त्याने, शेतातून, मुरुमावरून जायचं आहे त्याने रोड सायकल घेऊ नये; हायब्रिड किंवा ग्रॅव्हल घ्यावी. पण ज्याला डांबरावरून साठ-ऐंशी किलोमीटर जायचं आहे त्याला पंधरा-वीस हजारांच्या सायकलवरच्या स्प्रिंगचा उपयोग नाही. त्या किमतीतला फोर्क दोन-अडीच किलोंचा असतो, धक्का फारसा शोषत नाही आणि प्रत्येक दाबाबरोबर हलत राहून पायाची मेहनत खातो. धक्का शोषण्याचं तेच काम बत्तीसचा टायर वजनाशिवाय करतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : पन्नास हजारांत जुनी मोटारसायकल येते. येते, आणि ज्याला रोज मंडईत किंवा कामावर जायचं आहे त्याने तीच घ्यावी. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण शाळकरी मुलींना सायकलसाठी मदत करतं, तिथे सायकल ही शिक्षणाची गरज असते. इथे तसा दावा करण्यात अर्थ नाही. रोड सायकल ही आवडीने आणि तब्येतीसाठी घ्यायची वस्तू आहे. पण आवडीच्या वस्तूवर खर्च करायचा ठरलाच असेल तर तो वाया जाऊ नये, एवढंच इथलं म्हणणं आहे. खर्च कमी करायचा एक मार्ग जुन्या सायकलचा. शहरात अनेक चांगल्या सायकली दोन पावसाळ्यांत धूळ खात पडतात आणि निम्म्या किमतीत विकल्या जातात. माप जमत असेल तर हा सौदा नव्या सायकलहून चांगला. कार्बनची जुनी फ्रेम मात्र अनोळखी माणसाकडून घेऊ नये. आतला तडा बाहेरून दिसत नाही. ॲल्युमिनियमची घेताना वेल्डिंगच्या सांध्यांवर बोट फिरवून बघावं आणि चेन मोजावी. त्यासाठी पोलादी फूटपट्टी पुरते : नव्या चेनच्या बारा कड्या-जोड्या बरोबर बारा इंच भरतात, इंचाच्या सोळाव्या भागाने वाढल्या असतील तर चेन बदलायला झाली, इंचाच्या आठव्या भागाने वाढल्या असतील तर कॅसेटही गेली असं समजून किंमत पाडून मागावी.

सामानाची सुरुवात हेल्मेटने करायची, आणि इथे मतमतांतराला फारशी जागा नाही. जेक ऑलिव्हिए आणि प्रुडन्स क्रेटन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की अपघात झालेल्या सायकलस्वारांमध्ये हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची दुखापत होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. भरधाव ट्रकने उडवलं तर हेल्मेट वाचवेलच असं कोणी म्हणत नाही. पण खड्ड्यात चाक अडकून, कुत्रं आडवं येऊन, वाळूवर घसरून होणारे अपघात रोजचे असतात आणि तिथे ते कामाला येतं. विदर्भाच्या उन्हात डोकं शिजेल, हा आक्षेप मोटारसायकलच्या हेल्मेटला लागू आहे. सायकलचं हेल्मेट अडीच-तीनशे ग्रॅमचं, झरोक्यांचं असतं आणि चालत्या सायकलवर त्यातून वारा खेळतो. ते चपखल बसावं, पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. एकदा जोराने आपटलं की वरून धड दिसलं तरी टाकून द्यावं.

ऊन टाळायचं तर पहाटे निघावं लागतं, आणि पहाट म्हणजे अंधार. म्हणून इथे दिव्यांना शहरापेक्षा जास्त महत्त्व. पुढचा पांढरा दिवा रस्ता दाखवणारा हवा, नुसता चमकणारा नको, कारण कडेचा तुटलेला भाग आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली त्यातच दिसायला हवी. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. अंगात परावर्तक पट्ट्यांचं जाकीट असावं. भारतातल्या बीआरएमच्या नियमांत हेल्मेट, दिवे आणि असं जाकीट सक्तीचं आहे, ते उगीच नाही. अवजारांत दोन सुट्या ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या, पंक्चरचे पॅच आणि सोल्युशन, चेन तोडता-जोडता येईल असं बहुअवजार, एक जोडकडी, हातपंप आणि मघाचा पितळी ॲडॅप्टर, सुटा हँगर. हे सगळं सीटखालच्या पिशवीत मावतं. मात्र घेऊन नुसतं ठेवू नये. घरच्या अंगणात एकदा ट्यूब बदलून बघावी. कपड्यांत एकच गोष्ट खरोखर लागते : आतून गादी शिवलेली सायकलची चड्डी, आणि ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची, नाहीतर शिवण घासून कातडी सोलवटते. गावात अंगाला चिकटलेल्या चड्डीत फिरायला लाज वाटते हे समजण्यासारखं आहे. वरून सैल हाफ पँट घालावी, फरक पडत नाही. बोटं उघडी ठेवणारे गादीचे हातमोजे आणि साधा पारदर्शक चष्मा घ्यावा. खडा आणि किडा दोन्ही डोळ्यांत जातात. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, त्यांतल्या एकीत मीठ-साखर-लिंबू. पॅडलला अडकणारे बूट आणि रंगीत जर्सी पहिल्या वर्षी नको. सुती सदरा घामाने जड होतो, म्हणून स्वस्तातला पॉलिस्टरचा टी-शर्ट बरा.

खर्चाची वाटणी यावरून ठरते. साठ हजार जमवले असतील तर सायकल पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसची बघावी आणि उरलेले सामानासाठी बाजूला काढूनच दुकानात जावं, कारण दुकानात गेल्यावर ते पैसे वरच्या श्रेणीच्या गिअरकडे वळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमतीच्या पट्टीवर सूट दिल्याचा देखावा कोणी करत असेल तर तेवढं लक्षात ठेवावं. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धी जोडलेली येते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसलेल्या हाताने क्रँक कायमचा बिघडू शकतो. त्यापेक्षा संभाजीनगरला किंवा नागपूरला एक दिवस घालवून, सायकलवर बसून, दहा-वीस मिनिटं चालवून घेतलेली बरी. नव्या तारा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत सैलावतात आणि गिअर अडखळायला लागतात. ते जुळवायला परत जायचं की स्वतः शिकायचं हे तिथेच ठरवावं, आणि शिकायचं असेल तर मिस्त्रीला समोर करून दाखवायला सांगावं. चेनला गाडीचं जळकं ऑइल लावू नये, काळी धूळ त्यात बसून ती कानशीसारखं काम करते. बिलावर फ्रेमचा नंबर आणि माप दोन्ही लिहून घ्या, नाहीतर फ्रेमची वॉरंटी मागताना अडचण येते. आणि सुटा हँगर त्याच दिवशी, त्याच दुकानातून घ्या. दोन-तीन वर्षांनी मॉडेल बंद झालं की तो मिळणं कठीण होतं.